एका आकड्याचा अर्थ

२४ एप्रिल १९१४ ह्या दिवशी बर्लिन येथील जर्मन फिजिकल सोसायटीपुढे एक निबंध सादर झाला. त्याचे लेखक दोन होते : जेम्स फ्रांक आणि गुस्टाव्ह हर्ट्झ. दोघेही हँबर्गचे, दोघेही बर्लिन विद्यापीठाच्या भौतिकी संस्थेत संशोधन करणारे. फ्रांक ह्यांचे वय तेव्हा एकतीस होते आणि हर्ट्झ ह्यांचे सव्वीस. विद्युत्‌चुंबकीय लहरी प्रयोगाने सिद्ध करणारे हाइनरिख हर्ट्झ हे गुस्टाव्ह ह्यांचे चुलते होत. निबंधाचा विषय पाऱ्याच्या वाफेपुरता मर्यादित होता. इलेक्ट्रॉन हा विजेचा सूक्ष्म कण पाऱ्याच्या अणूवर आदळला, तर त्या अणूची मोडतोड होण्यासाठी किती जोराचा आघात व्हावा लागतो, हे त्यांनी मोजले होते. उत्तर आले ४.९ व्होल्ट.

हा आकडा अचूक होता. आज शंभरांहून अधिक वर्षांनंतरही महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांतून विद्यार्थी तोच आकडा काढतात. परंतु फ्रांक आणि हर्ट्झ ह्यांनी त्याला जो अर्थ दिला होता, तो चुकीचा होता. ४.९ व्होल्टांच्या आघाताने पाऱ्याचा अणू मोडत नाही. मग तेथे घडते काय, हे उकलण्यास पुढे तीन वर्षे लागली, आणि ती वर्षे पहिल्या महायुद्धाची होती. मोजणारे एका बाजूला आणि अर्थ लावणारे दुसऱ्या बाजूला, अशी ती परिस्थिती होती. मोजमाप खरे आणि अर्थ खोटा असे झाले म्हणजे शास्त्रज्ञांनी काय करावे, ह्याचा एक उत्तम पाठ ह्या कथेत आहे.

ती समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. १८९७ साली केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत जे. जे. टॉमसन ह्यांनी इलेक्ट्रॉनाचे अस्तित्व प्रस्थापित केले. अणू हा अखेरचा, अविभाज्य कण नव्हे. त्याच्या पोटात ऋण विद्युत् धारण करणारे त्याहून कितीतरी हलके कण आहेत, हे त्यामुळे स्पष्ट झाले. अणू स्वतः विद्युत्‌दृष्ट्या समतोल असतो. त्यातील एक इलेक्ट्रॉन काढून घेतला, की उरलेल्या भागावर धन विद्युत्‌भार राहतो. अशा भारित अणूला आयन म्हणतात, आणि त्या घटनेला आयनीभवन. वायू एरवी विजेचा दुर्वाहक असतो. परंतु त्यात आयन आणि मोकळे इलेक्ट्रॉन निर्माण झाले, की त्यातून वीज वाहू लागते. आकाशात कडाडणारी वीज आणि बटण दाबताना उडणारी ठिणगी ह्या दोहोंच्या मुळाशी हीच घटना आहे.

हे आयनीभवन टकरीने होऊ शकते, असे टॉमसन ह्यांचेच सहकारी जॉन टाऊनसेंड ह्यांनी शतकाच्या आरंभी दाखवून दिले. मोकळा इलेक्ट्रॉन विद्युत्‌दाबाने वेग घेतो, एखाद्या अणूवर आदळतो आणि त्यातून दुसरा इलेक्ट्रॉन बाहेर उडवतो. आता दोन मोकळे झाले. ते दोघे पुढे आणखी दोन अणूंवर आदळतात. दोहोंचे चार, चारांचे आठ होतात. डोंगरावरून सुटलेल्या एका धोंड्याने वाटेतील इतर धोंडे सोबत घ्यावेत आणि पायथ्याशी दरड कोसळावी, तसा हा प्रकार असतो.

मग साहजिकच प्रश्न आला की, अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्यासाठी किमान किती ऊर्जा लागते? ह्या ठिकाणी व्होल्ट ह्या मापाविषयी एक खुलासा केला पाहिजे. इलेक्ट्रॉनाला ठरावीक व्होल्टांचा विद्युत्‌दाब लावून पुढे लोटले, म्हणजे त्याच्या अंगी ठरावीक ऊर्जा येते. म्हणून इलेक्ट्रॉनाची ऊर्जा व्होल्टांतच सांगण्याचा सोयीचा प्रघात पडला आहे. १९०२ मध्ये जर्मनीतील फिलिप लेनार्ड ह्यांनी ही किमान ऊर्जा मोजण्याचा प्रयत्न केला. त्यांची रीत साधी होती. वायूत इलेक्ट्रॉन सोडावयाचे आणि पलीकडे एक पट्टी अशा विद्युत्‌दाबावर ठेवावयाची, की ती इलेक्ट्रॉनांना मागे सारील परंतु धन आयनांना जवळ ओढून घेईल. इलेक्ट्रॉनांचा वेग हळूहळू वाढवत न्यावयाचा. ज्या क्षणी पट्टीवर धन विद्युत् येऊ लागेल, त्या क्षणी आयनीभवन सुरू झाले असे समजावयाचे. लेनार्ड ह्यांनी जे वायू तपासले त्या सर्वांना सुमारे ११ व्होल्ट हेच उत्तर आले. निरनिराळ्या वायूंना एकच आकडा यावा, ही गोष्ट पुढील संशोधकांना खटकण्यासारखी होती.

१९११ च्या सुमारास फ्रांक आणि हर्ट्झ ह्यांनी हे काम हाती घेतले. लेनार्ड ह्यांचीच रीत सुधारून त्यांनी १९१३ मध्ये निरनिराळ्या वायूंचे निरनिराळे आकडे प्रसिद्ध केले. हेलियमसाठी २०.५ व्होल्ट, निऑनसाठी १६, आर्गॉनसाठी १२. ह्या कामात त्यांना आणखी एक महत्त्वाची गोष्ट आढळली. आघाताचा जोर ठरावीक मर्यादेच्या आत असेल, तर इलेक्ट्रॉन अणूवर आदळूनही आपली ऊर्जा जवळजवळ गमावतच नाही. रबरी चेंडू वाड्याच्या दगडी भिंतीवर मारला तर तो त्याच वेगाने परत येतो. भिंत जागची हलत नाही. पाऱ्याचा अणू इलेक्ट्रॉनाच्या साडेतीन लाखांहून अधिक पट जड असतो. तेव्हा अशा टकरीत इलेक्ट्रॉनाची दिशा तेवढी बदलते, ऊर्जा कायम राहते.

मग ती मर्यादा ओलांडली की काय होते? हे पाहण्यासाठी त्यांनी जे उपकरण बांधले, ते आता भौतिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात आढळते. काचेच्या नळीच्या मध्यभागी प्लॅटिनमची तार. ती तापवली की तीतून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. तिच्याभोवती सुमारे चार सेंटिमीटर अंतरावर तारेची गोल जाळी, आणि जाळीच्या बाहेर एकदोन मिलिमीटरांवर प्लॅटिनमच्या पत्र्याचे वेष्टन. नळीत थोडा पारा घालून ती शंभर अंशांहून काहीशी अधिक तापवावयाची, म्हणजे नळी पाऱ्याच्या विरळ वाफेने भरते. तार आणि जाळी ह्यांमध्ये विद्युत्‌दाब लावला, की इलेक्ट्रॉन जाळीकडे धावतात. जाळी आणि पत्रा ह्यांमध्ये मात्र उलट दिशेने अर्ध्या व्होल्टाचा अडथळा ठेवलेला असतो. जाळीतून पार होणाऱ्या इलेक्ट्रॉनाच्या अंगी अर्ध्या व्होल्टाहून अधिक ऊर्जा शिल्लक असेल तरच तो हा उंबरठा ओलांडून पत्र्यावर पोचतो, आणि पत्र्याला जोडलेल्या गॅल्व्हानोमीटरचा काटा हलतो.

विद्युत्‌दाब शून्यापासून वाढवत नेला, तेव्हा प्रवाहही वाढू लागला. ह्यात नवल नव्हते. परंतु दाब ४.९ व्होल्टांपर्यंत येताच प्रवाह एकाएकी खाली कोसळला. दाब आणखी वाढवला तेव्हा तो पुन्हा चढू लागला, आणि ४.९ च्या दुपटीला, म्हणजे ९.८ ला, पुन्हा कोसळला. तिपटीला, १४.७ ला, तिसऱ्यांदा तोच प्रकार घडला. ह्याचा अर्थ असा की, ४.९ व्होल्टांहून कमी ऊर्जेचा इलेक्ट्रॉन पाऱ्याच्या अणूला काहीच देत नाही. परंतु तेवढी ऊर्जा जमताच तो ती सर्वच्या सर्व एका टकरीत देऊन टाकतो आणि रिकाम्या हाताने उंबरठ्याशी अडतो. दाब दुप्पट असेल तर त्याला वाटेत दोनदा हे दान करता येते, तिप्पट असेल तर तीनदा. ऊर्जेचा हा व्यवहार सुट्या पैशांत होत नाही. त्याचे नाणे एकच, आणि ते ४.९ व्होल्टांचे.

मे महिन्यात त्यांनी दुसरा निबंध सादर केला. पाऱ्याच्या वर्णपटात जंबुपार म्हणजे जांभळ्या रंगापलीकडील अदृश्य भागात २५३६ अँगस्ट्रॉम तरंगलांबीची एक ठळक रेषा आहे. माक्स प्लांक ह्यांनी १९०० मध्ये मांडलेल्या पुंज सिद्धांतानुसार ह्या प्रकाशाच्या एका पुंजाची ऊर्जा काढली, तर ती बरोबर ४.९ व्होल्टांच्या जवळ येत होती. साधी काच हा प्रकाश शोषून घेते. म्हणून फ्रांक आणि हर्ट्झ ह्यांनी क्वार्ट्झची नळी वापरली आणि तीतील प्रकाशाचे छायाचित्र घेतले. इलेक्ट्रॉनांची ऊर्जा ४.९ व्होल्टांहून कमी असताना काहीच उमटले नाही. ती मर्यादा ओलांडताच छायाचित्रात नेमकी ती एकच रेषा उमटली. अणू टकरीत ऊर्जा घेतो आणि तीच प्रकाशाच्या रूपाने परत करतो, हे डोळ्यांपुढे दिसले.

इतके सगळे हाती असताना चूक कोठे झाली? त्यांच्या मते ४.९ व्होल्ट ही अणूतून इलेक्ट्रॉन उडवण्याची किंमत होती. काही टकरींत ती ऊर्जा प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडते आणि काही टकरींत तिने अणूचे आयनीभवन होते, असे त्यांनी मानले. ह्या समजुतीला प्रयोगाचा आधारही होता. लेनार्ड ह्यांच्या रीतीने पाहिले असता ४.९ व्होल्टांना पट्टीवर धन विद्युत् येऊ लागते, असे त्यांना प्रत्यक्ष दिसले होते. पुरावा समोर असताना संशय कोणी घ्यावा?

संशय घेणारा गृहस्थ उत्तर समुद्रापलीकडे होता. डेन्मार्कचे नील्स बोर ह्यांनी १९१३ साली अणूच्या रचनेविषयी आपला सिद्धांत मांडला होता. अणूतील इलेक्ट्रॉन वाटेल त्या ऊर्जेने राहू शकत नाही. त्याला ठरावीक पायऱ्याच मोकळ्या असतात. एका पायरीवरून दुसरीवर तो उडी घेतो, मध्ये कोठे थांबत नाही. उतरताना प्रकाश देतो आणि चढताना ऊर्जा घेतो. फ्रांक ह्यांनी पुढे सांगितले त्यानुसार, प्रयोग करताना हा सिद्धांत त्यांच्या वाचनात वा ऐकण्यात आलेला नव्हता. बोर ह्यांना मात्र बर्लिनच्या निबंधात आपल्या सिद्धांताचे प्रत्यंतर दिसले. फक्त निबंधाच्या लेखकांना ते दिसलेले नव्हते.

१९१४ च्या शरद् ऋतूत बोर मँचेस्टर येथे रदरफर्ड ह्यांच्या विभागात अध्यापनासाठी आले. तोवर युद्ध पेटले होते. १९१५ च्या निबंधात त्यांनी आपला आक्षेप मांडला. वाड्याच्या जिन्याचे उदाहरण घेतले, तर तो असा सांगता येईल : तळमजल्यावरील माणसाने पहिली पायरी चढणे वेगळे आणि सर्व जिना चढून, गच्चीचा कठडा ओलांडून वाड्याबाहेर पडणे वेगळे. पाऱ्याच्या वर्णरेषांच्या मालिकेवरून हिशेब केला, तर अणूबाहेर पडण्याची किंमत सुमारे १०.५ व्होल्ट येते. ४.९ व्होल्ट ही केवळ पहिल्या पायरीची चढण आहे. इलेक्ट्रॉन खरोखरच बाहेर गेला असता, तर परत येताना त्याने वाटेतील अनेक पायऱ्या उतरून अनेक वर्णरेषा दिल्या असत्या; बर्लिनच्या छायाचित्रात तर एकच रेषा आहे. मग पट्टीवर आलेल्या धन विद्युतेचे काय? बोर ह्यांनी सुचवले की, तो आयनांचा प्रवाह नसावाच. पाऱ्याच्या अणूंतून निघालेला जंबुपार प्रकाश पट्टीवर पडतो आणि त्या धातूतूनच इलेक्ट्रॉन बाहेर काढतो. पट्टीने ऋण विद्युत् गमावली काय किंवा धन विद्युत् मिळवली काय, गॅल्व्हानोमीटरचा काटा दोन्ही वेळा एकाच दिशेला फिरतो.

आक्षेप मार्मिक होता. परंतु तोही अद्याप केवळ तर्क होता. बोर आणि त्यांचे मँचेस्टरचे सहकारी मॅकॉवर ह्यांनी तो प्रयोगाने तपासावयाचे ठरवले. क्वार्ट्झचे गुंतागुंतीचे उपकरण तेथील निष्णात काचकारागीर ओटो बाउमबाख ह्याने तयार करून दिले. हा कारागीर जर्मन होता. रदरफर्ड ह्यांच्या पूर्वीच्या एका प्रसिद्ध प्रयोगातील अत्यंत पातळ काचेची नळी त्यानेच फुंकली होती. युद्ध सुरू झाल्यावर त्याने रागाच्या भरात आपल्या मायदेशाच्या बाजूने काही कडक उद्गार काढले आणि ब्रिटिश अधिकाऱ्यांनी त्याला स्थानबद्ध केले. पुढे उपकरणाच्या आधाराला आग लागून ते नष्ट झाले; दुरुस्त करणारे हात आता उरले नव्हते. थोड्याच दिवसांत मॅकॉवरही सैन्यात दाखल झाले. प्रयोग तेथेच संपला.

तिकडे फ्रांक आणि हर्ट्झ हेही युद्धावर गेले होते. १९१५ मध्ये हर्ट्झ गंभीर जखमी झाले. फ्रांकही आजारी पडले. १९१६ साली त्यांनी एका लेखात आपलीच बाजू पुन्हा मांडली : ४.९ व्होल्टांना आयनीभवन होते. बोर ह्यांचा आक्षेप मान्य करण्याजोगा पुरावा तेव्हा त्यांच्यापुढे आलेला नव्हता.

निकाल लागला तो अमेरिकेत. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील बर्गन डेव्हिस आणि एफ. एस. गाउचर ह्यांनी १९१७ मध्ये ह्या गुंत्याचा एक टोक पकडून तो सोडवला. त्यांनी पट्टीच्या अलीकडे आणखी एक जाळी बसवली आणि ह्या दोहोंमधील हलका विद्युत्‌दाब सुलट वा उलट करता येईल अशी सोय केली. दाब एका दिशेने असता प्रकाशाने पट्टीतून सुटलेले इलेक्ट्रॉन जाळीकडे जातात; उलटा केला की जाळीतून सुटलेले इलेक्ट्रॉन पट्टीकडे येतात. म्हणजे प्रवाह प्रकाशामुळे असेल, तर दाब उलटवताच काट्याची दिशा उलटली पाहिजे. धन आयन मात्र आधीच्या प्रबळ दाबाने इतक्या वेगात आलेले असतात, की ह्या हलक्या अडथळ्याला न जुमानता ते दोन्ही वेळा पट्टीवरच आदळतात. त्यांच्यामुळे होणाऱ्या प्रवाहाची दिशा बदलणार नाही. प्रयोग केला तेव्हा ४.९ व्होल्टांना सुरू होणारा प्रवाह दिशा बदलत होता. १०.४ व्होल्टांना एक नवा प्रवाह सुरू झाला, आणि त्याने दिशा बदलली नाही. अणूची पहिली पायरी आणि अणूबाहेरचा दरवाजा हे दोन निरनिराळे आहेत, हे अशा रीतीने सिद्ध झाले. बोर ह्यांचा हिशेब खरा ठरला.

१९१९ मध्ये, युद्ध संपल्यावर, फ्रांक आणि हर्ट्झ ह्यांनी एक विस्तृत लेख प्रसिद्ध केला. आपल्या प्रयोगांनी बोर ह्यांच्या सिद्धांताला पुष्टी मिळते, असे त्याच्या शीर्षकातच त्यांनी नमूद केले. ज्या सिद्धांताविरुद्ध त्यांनी तीन वर्षांपूर्वी आपली बाजू मांडली होती, त्याचेच ते आता सर्वांत भक्कम साक्षीदार झाले. १९१३ चे इतर आकडेही नव्या दृष्टीने वाचावे लागले. हेलियमचे २०.५ आणि निऑनचे १६ व्होल्ट हेही पायऱ्यांचेच आकडे निघाले. त्यांच्या आयनीभवनाची खरी किंमत अनुक्रमे २४.६ आणि २१.६ व्होल्ट आहे. १९२५ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक ह्या दोघांना १९२६ साली देण्यात आले. स्टॉकहोमच्या व्याख्यानात फ्रांक ह्यांनी आपल्या चुकीवर पांघरूण घातले नाही. बोर ह्यांच्या सिद्धांताचे मूलगामी महत्त्व आपल्या लक्षात कसे आले नाही, हे मागे वळून पाहता आपल्यालाच अनाकलनीय वाटते, आणि ती चूक आपल्या हातून दुरुस्त झाली नाही ही खेदाची गोष्ट होय, अशा आशयाचे उद्गार त्यांनी त्या सन्मानाच्या व्यासपीठावरून काढले.

पायरी आणि दरवाजा ह्यांतील हा भेद केवळ पंडितांच्या वादाचा नव्हता. अणूच्या आयनीभवनाची खरी किंमत कळल्याचा लाभ लवकरच आकाशातील ताऱ्यांच्या अभ्यासाला झाला, आणि तो करून देणारा शास्त्रज्ञ भारतीय होता. १९२० साली मेघनाद साहा ह्यांनी सूर्याच्या वातावरणातील आयनीभवनावरचा आपला निबंध प्रसिद्ध केला. ठरावीक तापमानाला आणि दाबाला एखाद्या मूलद्रव्याचे किती अणू आयन झालेले असतील, हे सांगणारे त्यांचे समीकरण त्या मूलद्रव्याच्या आयनीभवनाच्या किमतीवर आधारलेले आहे. कॅल्शियमचा अणू सुमारे ६.१ व्होल्टांना मोडतो, हायड्रोजनचा १३.६ ना. तेव्हा सूर्याच्या वातावरणात कॅल्शियमचे आयन विपुल आढळावेत आणि हायड्रोजन बहुतांशी अभंग राहावा, हे ओघानेच आले. रुबिडियमची किंमत ४.२ व्होल्ट इतकी अल्प आहे. म्हणून त्याचे अभंग अणू सूर्यपृष्ठावर दिसत नसले, तरी तुलनेने थंड अशा सौर डागांत ते आढळावेत, असे साहा ह्यांनी भाकीत केले आणि ते निरीक्षणाने खरे ठरले. साहा ह्यांच्या समीकरणात दरवाजाच्या जागी चुकून पायरीचा आकडा घातला गेला असता, तर हा हिशेब जुळला नसता.

ज्या पायरीने बर्लिनमध्ये दिशाभूल केली, ती तर पुढे घरोघर पोचली. गेली अनेक दशके भारतातील घरे, शाळा आणि कचेऱ्या उजळणाऱ्या ट्यूबलाइटमध्ये पाऱ्याची विरळ वाफ असते. तापलेल्या तारेतून निघालेले इलेक्ट्रॉन त्या अणूंवर आदळतात, अणू ४.९ व्होल्टांची पायरी चढतात आणि उतरताना तोच २५३६ अँगस्ट्रॉमचा जंबुपार प्रकाश देतात. नळीच्या आतील पांढरा लेप त्याचे दृश्य प्रकाशात रूपांतर करतो. आता ह्या नळ्यांची जागा एलईडी दिवे घेत आहेत. परंतु बर्लिनच्या त्या प्रयोगाची आवृत्ती गावोगावच्या छतांखाली रोज संध्याकाळी होत आली आहे, ह्याची जाणीव फारच थोड्यांना असेल.

आणि आयनीभवनाचे काय? इलेक्ट्रॉनाची ऊर्जा अणूच्या किमतीहून कमी असेल, तर एका टकरीने तळच्या पायरीवरील अणू मोडत नाही, मग असे इलेक्ट्रॉन कितीही असोत. ती मर्यादा ओलांडली की मोडण्याचा संभव वाढत जातो, बहुतेक वायूंच्या बाबतीत शंभर व्होल्टांच्या आसपास तो सर्वाधिक होतो, आणि मग पुन्हा उतरू लागतो. कारण अतिवेगवान इलेक्ट्रॉन अणूजवळून इतक्या झपाट्याने निघून जातो, की त्याला ऊर्जा देण्यास अवसरच मिळत नाही. अज्ञात वायूचे घटक ओळखणारी वस्तुमान-वर्णपटमापक उपकरणे ह्याच ज्ञानावर चालतात. त्यांत तापलेल्या तारेचे इलेक्ट्रॉन वायूचे आयन करतात आणि मग ते आयन वजनानुसार वेगळे केले जातात. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी निघालेल्या आणि २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पोचलेल्या भारताच्या मंगळयानावर असे एक उपकरण होते. मंगळाच्या बाह्य वातावरणातील अणुरेणूंवर त्याने इलेक्ट्रॉनांचा मारा केला, तो लेनार्ड, फ्रांक आणि हर्ट्झ ह्यांच्याच परंपरेतील होता.

एवढे होऊनही ह्या टकरीचे संपूर्ण गणित मांडणे फार काळ कोणाला साधले नाही. हायड्रोजनचा अणू घ्यावा. त्यात एकच इलेक्ट्रॉन. त्यावर बाहेरून दुसरा आदळला आणि दोघेही मोकळे झाले, तर शेवटी तीन भारित कण एकमेकांपासून दूर जातात : दोन इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन. विद्युत् आकर्षण आणि प्रतिकर्षण अंतराबरोबर घटत असले, तरी पूर्णपणे संपत कधीच नाही. म्हणून हे तीन कण एकमेकांच्या प्रभावातून मुक्त झाले, असे कोणत्याही क्षणी म्हणता येत नाही. ह्या सर्वांत साध्या आयनीभवनाचे पुंजयामिकीनुसार संपूर्ण संख्यात्मक उत्तर १९९९ साली कॅलिफोर्नियातील रेस्सिन्यो, बेअर्ट्‌शी, आयझॅक्स आणि मॅकर्डी ह्यांनी महासंगणकाच्या साहाय्याने काढले. मोजमाप आधी आले. त्याचा अर्थ काही वर्षांनी लागला. आणि पूर्ण हिशेब जुळण्यास पाऊण शतकाहून अधिक काळ गेला.

ह्या कथेचा शेवट मात्र गणिताचा नाही. ७ एप्रिल १९३३ रोजी जर्मनीच्या नाझी सरकारने सरकारी सेवेविषयी एक कायदा केला आणि ज्यू वंशाच्या अधिकाऱ्यांना व प्राध्यापकांना पदावरून दूर करण्यास प्रारंभ केला. फ्रांक तेव्हा गटिंगेन येथे प्राध्यापक होते. आघाडीवर लढलेले सैनिक म्हणून त्यांना ह्या कायद्यातून सूट होती; ते स्वस्थ बसले असते, तर त्यांचे पद तूर्त राहिले असते. १७ एप्रिलला त्यांनी राजीनामा दिला आणि तो जाहीरपणे दिला. ज्या लेनार्ड ह्यांच्या पद्धतीपासून त्यांनी आरंभ केला होता, ते लेनार्ड ह्याच सुमारास ‘जर्मन भौतिकी’ च्या नावाने ज्यू शास्त्रज्ञांविरुद्ध मोहीम चालवत होते. हर्ट्झ ह्यांनाही १९३५ साली बर्लिनमधील प्राध्यापकपद सोडावे लागले. एकेकाळचे हे दोन सहकारी पुढे दोन जगांत विभागले गेले. फ्रांक अमेरिकेत स्थायिक झाले आणि हर्ट्झ ह्यांची युद्धोत्तर काळातील काही वर्षे सोव्हिएत संघात गेली.

जर्मनी सोडल्यावर फ्रांक अमेरिकेपूर्वी कोपनहेगनला गेले. तेथे त्यांना आश्रय दिला तो नील्स बोर ह्यांच्या संस्थेने. त्यांचे नोबेल पदकही त्याच संस्थेत सुरक्षित ठेवलेले होते. एप्रिल १९४० मध्ये जर्मन फौजा कोपनहेगनमध्ये शिरल्या, तेव्हा ते पदक त्यांच्या हाती पडू नये म्हणून हंगेरियन रसायनशास्त्रज्ञ जॉर्ज हेवेशी ह्यांनी ते अम्लराजात विरघळवले. त्याच्यासोबत माक्स फॉन लाउए ह्यांचे पदकही विरघळले गेले. द्रावणाची बाटली फडताळात इतर बाटल्यांच्या रांगेत उभी राहिली आणि तिच्याकडे कोणाचे लक्ष गेले नाही. युद्ध संपल्यावर त्या द्रावणातून सोने परत मिळवण्यात आले, स्टॉकहोमला पाठवण्यात आले, आणि १९५२ साली नव्याने घडवलेले पदक फ्रांक ह्यांच्या हाती आले.

ज्या बोर ह्यांनी १९१५ साली फ्रांक ह्यांची चूक जगापुढे मांडली, त्यांच्याच छताखाली त्या कार्याचा सन्मान सुरक्षित राहिला. एकाने दोष दाखवला, दुसऱ्याने तो मानला, आणि दोघांत वैर उरले नाही. पदकाचा आकार गेला आणि परत आला. सोने तेवढेच राहिले. ४.९ व्होल्टांचेही तसेच झाले. त्याचा अर्थ बदलला, त्यावरचे नाव बदलले. परंतु प्रामाणिकपणे मोजलेला तो आकडा जसाच्या तसा आहे.